धावेची पायरी

त्या जीपच्या उजव्या अंगाला, पुढच्या आसनाच्या खाली, चेसिसला वेल्डिंग करून बसविलेली एक लोखंडी पायरी आहे. लांबीला वीतभर, रुंदीला अडीच बोटे, मधोमध किंचित फुगीर. आणि ती अशी कमानदार का, हे ज्याच्या वाड्यात कधी काळी बैलगाडी सुटत असे त्याला सांगावे लागत नाही, कारण ते लोखंड मोडीत निघालेल्या गाडीच्या चाकावरील धावेचे आहे. जीपला आजवर तीनदा रंग दिला गेला, त्या तिन्ही रंगांचे थर पायरीच्या कडेला दिसतात, आणि मधल्या भागी, जेथे पाऊल पडे, तेथे एकही रंग उरलेला नाही. गेल्या हिवाळ्यात आदिलाबाद जिल्ह्यातील बेल्याजवळच्या एका खेड्यात या जीपविषयी घरात चाललेला वाद ऐकावयास मी गेलो, तेव्हा त्या वादाची सारी कलमे पेट्रोल, डिझेल, नोंदणी आणि टायर यांविषयी होती; या पायरीचे नाव दोन दिवस कोणी काढले नव्हते.

बेला हा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरचा मुलूख. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्र, अलीकडे कपाशीची काळी जमीन, आणि बोली वऱ्हाडी वळणाची. जुन्या माणसांच्या तोंडी जिल्ह्याचे नाव अद्याप एदलाबाद असेच येते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे तालुके व बोथ तालुक्यातील इस्लापूर हे महसुली मंडल मुंबई राज्याकडे गेले, नांदेडच्या बाजूची मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडले इकडे आली, आणि नदीकाठचा हा मराठी पट्टा मात्र जेथे होता तेथेच राहिला. त्यामुळे येथल्या जुन्या घरांत एकाच लाकडी पेटीत निजामी अमदानीतले उर्दू दस्तऐवज, मराठी पोथ्या आणि नातवंडांचे तेलुगू शाळेचे दाखले एकत्र सापडतात. जीपचे कागदही त्याच पेटीत, लाल फडक्यात बांधलेले होते: १९७८ च्या सरकारी लिलावाची पावती, कडा झिजलेले नोंदणीपुस्तक, आणि त्यात इंजिन बदलल्याची शिक्क्यासह केलेली नोंद.

जीप १९६६ सालची, महिंद्र कंपनीची, सीजे-३बी या जातीची. १९४५ मध्ये महिंद्र अँड महंमद या नावाने निघालेली, आणि फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम महंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाल्यावर १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र या नावाने पुढे चाललेली ही पेढी आरंभी अमेरिकेतील विलिस कंपनीकडून सुटे भाग आणवून मुंबईत जीप जोडीत असे. पुढे ते भाग येथेच घडू लागले. विलिसने ही जात १९५३ मध्ये काढली आणि १९६८ मध्ये बंद केली, परंतु आपल्याकडे तिची वंशावळ त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिली. तिचे बॉनेट इतर जीपांहून उंच दिसते, ते शोभेसाठी नव्हे. हरिकेन नावाच्या तिच्या पेट्रोल इंजिनात इंधन आत घेणारी झडप वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारी झडप खाली ब्लॉकमध्ये अशी रचना असल्यामुळे इंजिन उंच झाले, आणि इंजिन उंच झाले म्हणून त्यावरचे झाकणही उंच करावे लागले. चार सिलिंडर, १३४ घनइंच म्हणजे सुमारे २.२ लिटर, आणि ७२ अश्वशक्ती. सुकाणू डाव्या हाताला. मागच्या पत्र्यावर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ अशी पांढरी इंग्रजी अक्षरे अजून अंधुक वाचता येतात.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकाऱ्याबरोबर जीप हे वाहन खेड्यांच्या परिचयाचे झाले. बी.डी.ओ.ची जीप आली, हे वाक्य त्या पिढीच्या कानांत बसलेले आहे. ज्या गावांना रस्ता नव्हता तेथे सरकार चार चाकांवर पोहोचले ते प्रथम या वाहनातून, आणि जेव्हा अशा जीपा खात्याच्या हिशेबी निकामी ठरून लिलावात निघाल्या तेव्हा त्या घेणारी माणसे बहुधा मध्यम शेतकरी होती, ज्यांना बैलगाडीहून वेगवान आणि ट्रॅक्टरहून स्वस्त असे काही हवे होते. या घरातील आबांनी, जे आज ऐंशीच्या घरात आहेत, ही जीप तशीच घेतली. तिच्यातून कापसाची गाठोडी आदिलाबादच्या बाजारात गेली, बियाणे आणि खते आली, वराती गेल्या, आणि रात्री-अपरात्री अडलेल्या बाळंतिणी जिल्ह्याच्या दवाखान्यात पोहोचल्या. त्यांपैकी एकीच्या पोटचा मुलगा आज गावात किराणा दुकान चालवितो. तो मला मुद्दाम येऊन भेटला आणि जीपच्या मागच्या फळीवर हात ठेवून काही न बोलता उभा राहिला.

पेट्रोलवर ही जीप लिटरला सात-आठ किलोमीटर जाई. कपाशीचे दोन हंगाम लागोपाठ बुडाल्यावर आबांनी १९८९ मध्ये ती नागपुरास नेली आणि एका अपघातात मोडलेल्या जीपचे प्यूजो पद्धतीचे २,११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन तिच्यात बसवून घेतले. त्या काळात पेट्रोल जीपांचे असे रूपांतर मुलुखभर चालले होते आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नसे. फरक इतकाच की, आबांनी जुने इंजिन मिस्त्रीला मोडीत दिले नाही. ते ताडपत्रीत गुंडाळून गावी परत आणले आणि गोठ्याच्या कोपऱ्यात, सरकीच्या पोत्यांमागे, दोन ओंडक्यांवर ठेवले. का, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “लिलावात जे घेतलं ते अख्खं घेतलं व्हतं. त्यातलं अर्धं कसं इकायचं?”

आता ते डिझेल इंजिन थकले आहे. सकाळी सुरू केले की अंगणभर पांढरा धूर पसरतो आणि घाटात, दुसऱ्या गिअरमध्येही, ते दम टाकते. काहीतरी करणे प्राप्त झाले, आणि तेथून वाद उद्भवला.

थोरल्या मुलाचे म्हणणे असे की, मूळचे पेट्रोल इंजिन पुन्हा बसवावे, मागून जोडलेले सारे काढून टाकावे, रंग कारखान्यातून आला तसा द्यावा, आणि जीपची ऐतिहासिक वाहन म्हणून नोंदणी करून घ्यावी. पुण्यास नोकरीत असलेल्या नातवाचा बेत निराळा. त्याला नवे डिझेल इंजिन, पॉवर स्टीअरिंग, रुंद टायर, जाड बंपर आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक हवे आहेत. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरील डबवाली येथे जुन्या जीपांची अशी नवनिर्मिती करणाऱ्या कारागिरांची अख्खी बाजारपेठ आहे, तेथील छायाचित्रे त्याने मला दाखविली. काम देखणे होते, हे मी त्याला मनापासून सांगितले. आबा दोघांचेही ऐकत होते आणि स्वतःचे मत देत नव्हते.

हा प्रश्न काही बेल्यापुरता नाही. अमेरिकेत ज्यांना मसल कार म्हणतात, म्हणजे मध्यम आकाराच्या साध्या मोटारीत प्रचंड इंजिन घालून १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून जी परंपरा सुरू झाली, त्या मोटारींचे मालक गेली कित्येक दशके याच गोष्टीवर भांडत आलेले आहेत. जीटीओचे इंजिन ३८९ घनइंचांचे, ३२५ अश्वशक्तीचे. आपल्या जीपच्या चौपटीहून अधिक बळ. तिकडे मोटारीच्या चेसिसचा क्रमांक आणि इंजिनावरील क्रमांक परस्परांशी जुळतात की नाही यावर किंमत लाखोंनी चढते वा उतरते. एक पक्ष म्हणतो, कारखान्याने दिले तेच सत्य. दुसरा म्हणतो, मोटार चालविण्यासाठी असते, तिच्यात आजचे ब्रेक आणि आजचे इंजिन घालण्यात पाप नाही. परंतु त्या वादात मला सर्वांत बोलके वाटलेले उदाहरण दोन्ही पक्षांच्या चौकटीत नीट बसत नाही. १९६८ च्या ‘बुलिट’ या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालविलेली गर्द हिरवी फोर्ड मस्टँग पुढे वर्षानुवर्षे एका कुटुंबाच्या रोजच्या वापरात होती. जानेवारी २०२० मध्ये ती लिलावात निघाली तेव्हा तिच्यावरचा गंज, उडालेला रंग आणि झिजलेले आसन जसेच्या तसे होते. चित्रीकरणासाठी कॅमेरा बसविता यावा म्हणून तिच्या पोटाखाली वेल्डिंग केलेले ओबडधोबड लोखंडी आधारही तसेच होते. बोली ३४ लाख डॉलरांपर्यंत गेली. ती तीच मोटार आहे याची साक्ष देण्यात त्या आधारांचाही वाटा होता. ते कारखान्याचे नव्हते, आणि कोणी शुद्धतेच्या आग्रहापायी कापून काढले असते तर मोटारीचा इतिहासच कापला गेला असता.

हे उदाहरण मी थोरल्या मुलाला सांगितले तेव्हा त्याने मला कायदा दाखविला, आणि तो त्याने काळजीपूर्वक वाचलेला होता. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार वाहनात असा बदल करता येत नाही की ज्यामुळे नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात हेच निःसंदिग्धपणे सांगितले. नातवाच्या बेताला येथेच मोठी आडकाठी आहे. उलटपक्षी जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ऐतिहासिक वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीस ५० वर्षे उलटलेली, खाजगी वापरातील, मूळ स्वरूपात राखलेली, आणि चेसिस, सांगाडा वा इंजिन यांत फेरबदल न झालेली दुचाकी किंवा मोटार त्यांत बसते. वाहनाची पाहणी समिती करते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरणास ५,००० रुपये, आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही दोन अक्षरे. आदिलाबादच्या पाटीवर पूर्वी ‘एपी ०१’ असे, मग ‘टीएस ०१’ झाले, मार्च २०२४ पासून नव्या वाहनांना ‘टीजी ०१’ मिळते; त्या सर्वांहून ही पाटी मानाची, असे थोरल्या मुलाला वाटते, आणि त्या वाटण्यात वडिलांविषयीचा आदर आहे हे मला स्पष्ट दिसत होते.

परंतु त्याच नियमांत एक अट आहे, जी त्याने वडिलांना वाचून दाखविली नव्हती. अशी नोंदणी झालेले वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या मोटारींची फेरी, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. नित्याच्या वापरास मनाई आहे. ती अट मी सांगितली, तेव्हा आबा दोन दिवसांत प्रथमच सरसावून बसले.

“मग ते वावरात नाई न्यायची का?”

कोणी उत्तर दिले नाही.

हैदराबादेत चौमहल्ल्यात निजामाची १९१२ ची पिवळी रोल्स रॉइस ठेवलेली आहे. तिचे मूळ रूप सांभाळणे तुलनेने सोपे, कारण समारंभापुरती निघणारी गाडी बदलते ती फक्त ऊनपावसाने. जी जीप पन्नासांवर वर्षे राबली तिचे मूळ रूप कोणते, याचा निर्णय १९६६ च्या कारखान्याकडे सोपविणे मला पटत नाही. २०२२ मध्ये सप्तशृंगीच्या मूर्तीवरील शेंदराचे जाड आवरण विधिपूर्वक काढण्यात आले आणि आतील मूर्तीचे स्वरूप प्रकटले, तेव्हा ते पाहून डोळे भरून आलेल्या माणसांत मी होतो, आणि तरीही ज्या पिढ्यांनी तो शेंदूर वाहिला त्यांनी देवीचे रूप बिघडविले, असे म्हणावयास माझी जीभ उचलली नाही. ते आवरण जपून, पद्धतशीर उतरविले गेले, यालाच मी महत्त्व देतो. याउलट आपल्याकडे किती हेमाडपंती देवळांच्या काळ्या दगडावर जीर्णोद्धाराच्या नावाने ऑइलपेंट फासला गेला, हे मराठवाड्यात आणि विदर्भात फिरणाऱ्याला सांगावयास नको.

याविषयी मी इतक्या आग्रहाने लिहितो त्याला एक कारण आहे. माझ्या वडिलांची एक लॅम्ब्रेटा होती. तिच्या हत्यारपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस ते प्रत्येक वेळी ऑइल बदलले की बारीक कुंचल्याने तारीख लिहीत. अशा दोन स्तंभ तारखा तेथे होत्या, आणि शेवटची त्यांच्या आजारपणाच्या आदल्या महिन्यातली. त्यांच्या पश्चात मी ती स्कूटर नव्यासारखी करून घेण्यासाठी शहरातील एका गॅरेजात दिली. तिथल्या माणसांनी काम मन लावून केले. पेटीचे झाकणही आतून-बाहेरून घासून, लांबी भरून, रंगवून दिले. मी त्यांना काही सांगितलेच नव्हते, तेव्हा दोष माझाच. आणि ती चकचकीत पेटी मी आजही उघडीत नाही.

म्हणून विचारल्यावर मी माझे मत दिले. गरजेने केलेला फेरफार हा वाहनाच्या आयुष्याचाच भाग होय. गरज संपली असेल तर तो मागे घेता येईल, परंतु काढलेली वस्तू जपली पाहिजे, जशी आबांनी जपली. डिझेल आले ते खर्चाच्या ओढीने. आज ओझ्याचे काम ट्रॅक्टर आणि पिकअप करतात, जीप आठवड्याला दहा-बारा किलोमीटर चालते, तेव्हा लिटरला सात किलोमीटर हा काही जीवनमरणाचा प्रश्न राहिलेला नाही. नातवाच्या रुंद टायरांना आणि बंपरांना मी नकार दिला, कारण त्यांची गरज फक्त पाहणाऱ्याच्या डोळ्याला होती. ब्रेकचा त्याचा मुद्दा मात्र मी पूर्णपणे मान्य केला. या जीपला चारही चाकांचे ब्रेक एकाच तेलनळीच्या वाटेवर आहेत. कोठेही गळती झाली की पेडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. ती वाट दुहेरी करावी, पुढची दोन चाके एका मार्गावर आणि मागची दोन दुसऱ्यावर, यात कोणाच्या स्मृतीला धक्का लागत नाही. ज्या गाडीत घरची माणसे बसतात ती सुरक्षितपणे उभी राहिलीच पाहिजे.

मिस्त्री आदिलाबादचे, वयाने साठीकडे झुकलेले. सारे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी गोठ्यातील इंजिनाचे चारही प्लग काढून सिलिंडरांत डिझेल आणि ऑइल ओतून ठेवले होते. आठव्या दिवशी त्यांनी पुढून हँडल लावले, एक हात ब्लॉकवर ठेवला आणि दुसऱ्याने हँडलावर भार दिला. पहिल्यांदा काही हालले नाही. मग आतून चिखलातून पाय निघावा तसा आवाज आला, आणि हँडल पाव फेरा फिरले. चाचांनी ते सोडून दिले. “बस, आज इतकंच. जबरदस्ती केली तर रिंगा तुटतील. बोअर वाचलं तर हाफ इंजिन उघडायचं कामच नाई.” तिसऱ्या दिवशी ते पूर्ण फिरू लागले.

त्यानंतर क्रमांक पाहावयाचा होता, कारण इंजिन बदलीची परवानगी आणि पुस्तकातील नोंद यांवाचून ते बसविणे बेकायदा ठरले असते. ब्लॉकच्या उजव्या अंगाला पुढे, पाण्याच्या पंपापाशी, एक सपाट चौकोन असतो. नातवाने तो रॉकेलच्या बोळ्याने पुसला, बारीक पॉलिशपेपर हलक्या हाताने फिरविला, पातळ कागद त्यावर ताणून धरला आणि शिसपेन्सिल आडवी धरून घासू लागला. राखाडी पार्श्वभूमीवर एकेक पांढरा आकडा उमटत गेला. आबा खाटेवरून उठले नाहीत. आकडे उमटण्याआधीच ते एकेक करून सांगत होते, आणि पाचव्या आकड्याशी नातू थांबला, कारण तेथे गंजाने खड्डा पडला होता. आबांनी तोही आकडा सांगितला. थोरल्या मुलाने पेटीतले जुने पुस्तक उघडून पाहिले आणि मान हलविली.

‘व्हीए’ पाटीचा अर्ज तूर्त करावयाचा नाही, असे ठरले. जीप जोवर वावरात जाते तोवर जाऊ द्यावी. थोरल्या मुलाने अर्जाचे कागद नीट घडी घालून त्याच लाल फडक्यात ठेवले. मग चेसिस घासावयास काढली तेव्हा चाचांचा पोऱ्या ग्राइंडर घेऊन उजव्या बाजूस बसला आणि त्याने विचारले, ही पट्टी कापायची ना? मूळ जीपला ती नसते, हे तो बरोबर सांगत होता.

“मायचे गुडघे गेले व्हते,” आबा म्हणाले. “जीप उंच. तिले उचलून बसवा लागे, अन् ते तिले पटत नोतं. कार्तिकात जैनथच्या जत्रेले जायचं व्हतं तिले, कोनाचा हात न लागता. मोडक्या गाडीची धाव पडली व्हती, तिची करून घेतली.” ती १९९६ मध्ये गेली. हल्ली त्या पायरीवर पाय ठेवून आबाच चढतात.

पोऱ्याने ग्राइंडर बंद केला. थोरल्या मुलाने खाली वाकून पायरीचे वेल्डिंग अंगठ्याने चाचपले, एका टोकाला ते चिरलेले होते, आणि चाचांना तेवढाच टाका पुन्हा मारून द्यावयास सांगितले. रंग देताना मधला भाग उघडा ठेवा, हे नातवाने सांगितले.

संध्याकाळी डिझेल इंजिन साखळीने वर उचलून बाहेर काढले गेले. त्यातले ऑइल डब्यात निथळून घेतले, उघडी तोंडे चिंध्यांनी बुजविली, आणि ज्या ताडपत्रीत इतकी वर्षे पेट्रोलचे इंजिन निजले होते त्याच ताडपत्रीत ते गुंडाळून, चौघांनी मिळून, गोठ्यातील सरकीच्या पोत्यांमागे त्याच दोन ओंडक्यांवर नेऊन ठेवले.